पोरांना आमच्याबरोबर रस्त्यावर येऊ द्या: नातवंडांच्या आई-बाबांना एका आजोबाचं खुलं पत्र

सांगली, मिरज, माधवनगर, कुपवाड, जिथं जिथं आमची नातवंडं राहतात तिथल्या सगळ्या आई-बाबांना नमस्कार.

मी अडुसष्ट वर्षांचा आहे. अडतीस वर्षं एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर काढली, आठ वर्षांपूर्वी रिटायर झालो, आणि आता मी आणि माझी बायको दोघंजण नातवंडांना घेऊन सायकल चालवतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये नाही, रस्त्यावर. नात बारा वर्षांची, लेकीची मुलगी, आणि नातू नऊचा, तिचाच धाकटा भाऊ. मागच्या महिन्यात मी, आजी आणि नात असे तिघं नरसोबाच्या वाडीला निघालो होतो, अंकलीच्या पुलावर कुणीतरी गाडीतून आमचा फोटो काढला आणि तो पोरांच्या शाळेतल्या पालकांच्या ग्रुपवर आला, खाली लिहिलं होतं की असल्या रस्त्यावर लहान मुलीला नेतात, या आजी-आजोबांना जबाबदारी कळते का. त्याखाली पन्नासेक जणांनी हो ला हो केलं. लेकीनं तो फोटो मला दाखवला, काही बोलली नाही, नुसता फोन पुढं धरला. तेव्हापासून मनात घोळतंय की याचं उत्तर एकदा नीट बसून लिहायचं.

मला राग आलेला नाही. वाईट वाटलं, पण फोटो काढणाऱ्याची भीती खोटी नाहीये हे मला तुमच्यापेक्षा जास्त माहितीय. आपल्या रस्त्यावरून काय जातं ते मी आयुष्यभर किलोत वाचलंय. एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, उसानं वरपर्यंत लादलेल्या, सगळं मिळून वीस टनाच्या आसपास, मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलानं झाकलेला, आणि ड्रायव्हरच्या कानाशी मोठ्यानं गाणी चालू. त्याला मागचं पुढचं काही ऐकू येत नाही. आणि सायकलवाल्याला खरा धोका ट्रॅक्टरचा नसतोच, तो पुढं गेला की माणसाला वाटतं झालं, गेला, आणि नेमकी तेव्हा दुसरी ट्रॉली शेपटीसारखी आत येते. काट्यावर ट्रॉली घेताना दुसरीचं चाक पहिलीच्या चाकाच्या आतून जातं हे मी रोज बघितलंय.

म्हणून आमचे नियम आहेत आणि ते पोरांना पाठ आहेत. सीझन चालू असताना, म्हणजे नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, सूर्य चांगला वर आल्याशिवाय घर सोडायचं नाही. कारखान्याकडं जाणारा रस्ता त्या दिवसांत पूर्ण बंद. मागून डबल ट्रॉली येतीय असं कळलं की घाई करायची नाही, पक्की जागा बघून थांबायचं, सायकलवरून उतरायचं आणि ट्रॉली पूर्ण जाईपर्यंत उभं राहायचं. नात मोठ्यानं मोजते, ‘एक, दोन, गेली’, आणि ‘गेली’ म्हणल्याशिवाय कुणी पायडलवर पाय ठेवत नाही.

चालवताना आजी पुढं, नात मधी, मी मागं. मी तिच्या बरोब्बर मागं नसतो, हातभर उजवीकडं असतो, म्हणजे मागून येणाऱ्या गाडीला आधी मला वळसा घालावा लागतो आणि पोरगी आपोआप त्या वळशाच्या आत राहते. आजी पुढून ओरडते, ‘खड्डा’, ‘खडी’, ‘कुत्रं’, आणि मी मागून ओरडतो, ‘गाडी’. नात दोन्हीकडचं पुढं पोचवते. डाव्या हातानं खड्डा दाखवायचा, वळायच्या आधी खांद्यावरून मागं बघायचं आणि मागं बघताना हँडल हलू द्यायचं नाही, हे तिला शाळेच्या मैदानावर पांढऱ्या रेषेवरून चालवत चालवत शिकवलंय, त्याला दोन महिने लागले. धाकटा अजून हरिपूरच्या पुढं येत नाही. नऊ-दहा वर्षांच्या आतल्या पोराला समोरून येणारी गाडी किती जोरात येतीय ते नीट जोखता येत नाही, त्याचे डोळे चांगले असतात पण अंदाज अजून तयार झालेला नसतो, म्हणून त्याला हायवे नाही म्हणजे नाही, किती रडला तरी नाही.

आता तुम्ही म्हणाल एवढं सगळं करायचं तर न्यायचंच कशाला. याचं उत्तर तुमच्याच घरात आहे. तुमचं पोरगं आणखी दोन वर्षांत क्लासला एकटं सायकलवर जाणार आहे, आणि सोळाव्या वर्षी कुणाच्या तरी स्कूटरवर बसणार आहे, तेव्हा रस्ता त्याला कुणीच शिकवलेला नसणार. आज तो शाळेला जाताना स्कूटरवर तुमच्या पुढं उभा राहून जातो, डोक्यावर काही नसतं, आणि तुम्हाला ते रोजचं झालंय म्हणून त्याची भीती वाटत नाही. मी तुम्हाला दोष देत नाहीये, सकाळी सातची शाळा गाठायची तर दुसरं काय करणार. पण रस्ता शिकायचं वय निघून जातंय आणि शिकवायला माणसं घरात बसून आहेत, आम्हाला वेळ आहे, पाय चालतायत, आणि आम्ही या रस्त्यांवर गाड्या कमी होत्या तेव्हापासून सायकल मारलेली माणसं आहोत.

आमच्या पिढीनं सायकल शिकली ती भाड्याची, तासाचे पैसे देऊन, नळीच्या मधून पाय घालून हाफ पायडल मारत. नगरपालिकेचा बिल्ला लावायला लागायचा. रात्री दिवा नसला की पोलीस व्हॉल्व काढून हवा सोडून द्यायचे, मग घरापर्यंत चालत. मी नोकरीची पहिली बावीस वर्षं सायकलनं कारखान्यात गेलो, जायला नऊ किलोमीटर आणि यायला नऊ, पहाटे चारच्या शिफ्टला डायनॅमोच्या उजेडात. अंधारात डायनॅमो टायरवर घासून जो आवाज यायचा तो अजून कानात आहे. ते सगळं नुसतं माझ्यापाशी राहून काय उपयोग?

आता ती गोष्ट सांगतो जी सांगितल्याशिवाय हे पत्र खरं होणार नाही.

मागच्या वर्षी डिसेंबरमध्ये नात पडली आणि चूक माझी होती. नांद्र्याकडून परत येत होतो, सकाळचे नऊ वाजले असतील, रस्त्यावर नवीन डांबर टाकलेलं, गुळगुळीत, पोरगी खुशीत होती. पण डांबराचा थर वाढला आणि साईडपट्टी तशीच खाली राहिली होती, मुरूम भरलेलाच नव्हता, कडेला चांगली चार बोटं पायरी पडलेली. मागून ट्रक हॉर्न देत आला आणि मी घाबरून ओरडलो, ‘खाली घे, खाली घे’. तिनं ऐकलं. पुढचं चाक कडेवरून घसरलं, तिनं परत वर घ्यायचा प्रयत्न केला, चाक त्या कडेला घासत राहिलं आणि ती उजव्या बाजूला, म्हणजे रस्त्याच्या बाजूला पडली. ट्रक तोपर्यंत लांबून निघून गेला होता. त्याला जायला भरपूर जागा होती, तो नुसता हॉर्न देत होता. कोपराला तीन टाके पडले, तळहातात खडीचे बारके तुकडे रुतले होते ते आजीनं पाण्याच्या बाटलीनं धुऊन एकेक काढले. हेल्मेट एका बाजूनं खरवडलं होतं, आत तडा गेला होता, ते त्याच दिवशी टाकून दिलं कारण एकदा आपटलेलं हेल्मेट परत वापरायचं नसतं. पोरगी रडली नाही. माझ्याकडं बघून म्हणाली, ‘आजोबा, तुम्ही म्हणलात ना खाली घे.’ तक्रार नव्हती त्यात, ती खरंच विचारत होती की सांगितलं तसं केलं तरी मी पडले कशी.

त्या रात्री मला झोप लागली नाही. अख्खं आयुष्य मी हॉर्न वाजला की खाली उतरत आलोय, आमच्या वेळी साईडपट्टी आणि रस्ता एका पातळीत असायचे म्हणून ते चालून जायचं. आता चालत नाही, आणि हे मला साठ वर्षं सायकल चालवून माहिती नव्हतं. आता आम्ही कडेपासून दोन फूट आत चालवतो आणि हॉर्न वाजला तरी ओळ सोडत नाही. उतरायचंच झालं तर आधी वेग कमी, मग थांबून, पाय टेकून. आणि चुकून चाक खाली गेलंच तर घाबरून लगेच वर ओढायचं नाही, खालीच सरळ चालवत थांबायचं. त्यासाठी मैदानावर एक लांब फळी टाकली आणि दोघांना फळीच्या कडेवरून चाक कसं घसरतं आणि तिरकं घेतलं की कसं चढतं ते पन्नास वेळा करायला लावलं.

लेकीनं दोन महिने सायकल बंद केली. तिचं बरोबर होतं, मी तिच्या जागी असतो तर मीही बंद केली असती. पण त्या दोन महिन्यांत पोरं पार्किंगमध्ये गोल फिरत राहिली आणि एक दिवस धाकटा मला म्हणाला की आजोबा, इथं सगळे वळणं डावीकडंच आहेत. तेव्हा मी लेकीला जाऊन सांगितलं की मी काय शिकलो ते मैदानावर येऊन बघ, आणि पटलं तरच सोड. ती आली, कठड्यावर बसून तासभर बघितलं, आणि सोडलं. हे मी मुद्दाम लिहितोय. तुमच्या घरातले आजी-आजोबा पोरांना रस्त्यावर नेतो म्हणले तर तुम्हीही आधी मैदानावर बोलवा आणि बघा. आम्हाला त्यात अपमान वाटणार नाही.

दुसरी एक गोष्ट सायकल घेताना. वाढदिवसाला तुम्ही पोरांना सायकल घेता, मनापासून घेता, आणि बहुतेक वेळा चुकीची घेता. वाढत्या अंगाची म्हणून दोन नंबर मोठी, आणि पोराला आवडली म्हणून जाड टायरची. धाकट्याला त्याच्या बाबांनी तसलीच घेतली होती. मला वजन केल्याशिवाय चैन पडत नाही, आयुष्यभराची सवय, तर मी ती ओळखीच्या दुकानातल्या काट्यावर ठेवली, सतरा किलो भरली. पोरगं सव्वीस किलोचं. म्हणजे साठ किलोच्या माणसानं चाळीस किलोची सायकल ढकलायची, एका चढाला त्याची जीभ बाहेर येणार आणि मग आपण म्हणणार की याला आवड नाही. आता त्याला बारीक टायरची, चोवीस इंची चाकाची, मडगार्ड आणि स्टँड काढलेली जुनी घेतलीय, साडेदहा किलो. पहिल्या दिवशी तो हरिपूरच्या रस्त्याला माझ्या पुढं निघून गेला आणि मला ओरडून थांबवावं लागलं. सीट किती उंच हवी ते बघायला टाच पायडलवर ठेवून पायडल एकदम खाली न्यायचं, पाय सरळ व्हायला पाहिजे, तेवढी उंची बरोबर. हेल्मेट भुवईच्या वर दोन बोटं, त्याच्यापेक्षा मागं गेलं तर कपाळ उघडं पडतं. एवढं बघितलं तरी पोरगं आनंदानं चालवतं.

हरिपूरचा रस्ता मला सगळ्यात आवडतो, चिंचेची जुनी झाडं आहेत, सावली आहे, आणि शेवटी संगमेश्वराचं देऊळ आणि कृष्णा-वारणेचा संगम. एका सकाळी घाटावर पोचलो तर धाकट्याचं मागचं चाक बसलेलं. मी काही हात लावला नाही, म्हणलं तूच बघ. त्यानं चाक काढलं, टायर सोडवायला पंधरा मिनिटं लागली, बोटं लाल झाली. ट्यूब बाहेर आली पण भोक दिसेना. चहाच्या टपरीवाल्यानं बादली दिली असती पण आजी म्हणाली थांब, आणि तिनं ट्यूबमध्ये हवा भरून ती त्याच्या गालाशी धरली आणि हळूहळू फिरवायला लागली. तो डोळे मिटून उभा. अर्ध्यावर आल्यावर एकदम दचकला आणि म्हणाला, ‘इथं! इथं वारा येतोय!’ मग ती जागा खडूनं खूण केली, कानसानं घासली, सोल्युशन लावलं आणि ते वाळेपर्यंत थांबायचं हेच त्याला सगळ्यात अवघड गेलं, पाच वेळा विचारलं झालं का. आणि मग मी त्याला सांगितलं की पॅच लावून झालं तरी काम संपत नाही, आता टायरच्या आतून बोट फिरव, सावकाश. बोट फिरवताना त्याला तो लागला, बाभळीचा काटा, टायरमधून नखाएवढा आत आलेला. तो काढला नसता तर घरी पोचायच्या आधी परत पंक्चर. तो काटा त्यानं कंपासपेटीत ठेवलाय, अजून आहे.

जुलै महिन्यात आमच्या घरी रात्री फ्रान्सची सायकल शर्यत लागते. टूर द फ्रान्स, एकवीस टप्पे, तीन आठवडे. तिकडं संध्याकाळ असते तेव्हा आपल्याकडं नऊ वाजलेले असतात, जेवणं आटपून सगळे फोनपुढं. तिथं मला पोरांना सांगायला एक गोष्ट मिळाली जी मला स्वतःला कधी विसरता येत नाही. रेमाँ पुलिदोर नावाचा फ्रान्सचा सायकलपटू होता. चौदा वेळा ही शर्यत धरली, आठ वेळा पहिल्या तिघांत आला, तीनदा दुसरा आणि पाचदा तिसरा, १९६४ साली फक्त ५५ सेकंदांनी हरला, १९७६ मध्ये चाळीस वर्षांचा असताना तिसरा आला. आणि एवढ्या सगळ्यात, पहिल्या नंबरावर असणाऱ्याला जी पिवळी जर्सी घालतात ती त्याला एक दिवससुद्धा मिळाली नाही. लोकांनी त्याच्यावर जीव लावला तो तरी लावलाच. नोव्हेंबर २०१९ मध्ये तो वारला. त्याच्या लेकीचा मुलगा मॅथ्यू व्हॅन डर पूल, २०२१ मध्ये पहिल्यांदा ही शर्यत धरायला आला आणि दुसऱ्याच टप्प्याला, २७ जूनला, ब्रिटनीतल्या म्यूर-द-ब्रेतान्य या चढावर एकटा पुढं निघून जिंकला आणि पिवळी जर्सी घातली. रेषा ओलांडताना त्यानं बोट वर केलं, आकाशाकडं, आजोबांसाठी, आणि नंतर बोलताना रडला. सहा दिवस ती जर्सी त्याच्या अंगावर होती.

नातीला ही गोष्ट सांगून झाली तेव्हा मला वाटलं ती शर्यतीचं काहीतरी विचारेल. तिनं विचारलं, ‘आजोबा, तुम्हाला काय मिळालं नाही?’

मी तेव्हा काहीतरी बोलून टाळलं. पण उत्तर मला माहिती होतं. माझी लेक सायकल शिकली तेव्हा मी तिथं नव्हतो. सीझन चालू होता, काट्यावर गाड्यांची रांग, रविवार बिविवार काही नसायचा, आणि तिला सायकल तिच्या मामानं शिकवली, शाळेच्या मैदानावर, मागून कॅरिअर धरून. मला रात्री कळलं. मी घरी आलो तेव्हा ती झोपली होती आणि गुडघ्याला हळद लावलेली होती. सकाळी परत चारला मी गेलो. आमच्या पिढीतल्या बऱ्याच बापांचं असंच झालंय, कुणाचा कारखाना, कुणाची एसटी, कुणाची शेती, पोरं मोठी झालेली फक्त सुट्टीत दिसली. म्हणून आता नातवंडांच्या मागं सायकल घेऊन हातभर उजवीकडं चालवताना आम्हाला जे वाटतं ते तुम्हाला शब्दांत सांगता येत नाही, आणि ते तुम्ही फक्त म्हातारपणाची हौस म्हणून बघू नका एवढीच विनंती आहे.

आजीचं वेगळंच. ती सत्तावन्नाव्या वर्षी सायकल शिकली. तिच्या माहेरी मुलींना सायकल नव्हती, सासरी साडी आणि घर. नात सायकल शिकत होती तेव्हा ती रोज मैदानावर बसायची आणि एक दिवस म्हणाली मला पण धरा. आज ती नातीच्या पुढं असते. रॉबेर मार्शां या फ्रेंच माणसाची बातमी तिनं वाचली होती, हा गृहस्थ साठी उलटल्यावर परत सायकलकडं वळला आणि जानेवारी २०१७ मध्ये, १०५ वर्षांचा असताना, पॅरिसजवळच्या ट्रॅकवर एका तासात २२.५४७ किलोमीटर गेला. २०२१ मध्ये १०९ व्या वर्षी वारला. आजी म्हणते आपल्या घरापासून वाडी जवळपास तेवढीच आहे, तो एका तासात गेला असता आणि आपल्याला पावणेदोन लागतात, म्हणजे अजून सुधारायला जागा आहे. वाडीला पोचल्यावर दत्ताचं दर्शन, मग बासुंदी, आणि येताना पिशवीत कवठाची बर्फी. नातीला विचाराल तर ती आधी बर्फी सांगेल आणि मग सांगेल की उदगावपासून पुढं तिनं आजीच्या मागं चाकाला चाक लावून चालवलं. पुढचा माणूस वारा कापतो आणि मागच्याला कितीतरी कमी जोर लागतो, हे तिला वर्गात कुणी सांगितलं असतं तर लक्षात राहिलं नसतं. समोरून वारा असेल तेव्हा दर दोन किलोमीटरला त्या दोघी पुढं-मागं होतात. नाशिकच्या डॉक्टर महाजन बंधूंनी, हितेंद्र आणि महेंद्र यांनी, २०१५ मध्ये अमेरिका एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत, सुमारे ४८०० किलोमीटर, दोघांनी आळीपाळीनं सायकल मारत ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत पार केली. ते ऐकल्यापासून आमची भावंडं मैदानावर तसलंच आळीपाळीचं खेळतात आणि कुणाची पाळी यावरून भांडतात.

तर माझं मागणं काय आहे. आठवड्यातली एक सकाळ. पोराला आदल्या रात्री वेळेवर झोपवा एवढं केलंत तरी पुष्कळ. रविवारी सकाळचा क्लास लावू नका. आणि तुमच्यापैकी ज्यांच्या घरी ट्रॅक्टर आहे, आणि आपल्या भागात बऱ्याच घरांत आहे, त्यांना हात जोडून सांगतो, दोन्ही ट्रॉल्यांच्या मागं लाल रिफ्लेक्टरची पट्टी लावा, चिखल झाला तर पुसा, दोनशे-चारशे रुपयांचं काम आहे. मी ड्यूटीवर असताना काट्यावर आलेल्या गाड्यांना सांगत राहायचो, काही जण लावायचे, काही हसून निघून जायचे. गाडी चालवणाऱ्यांनी सायकलच्या मागं आल्यावर हॉर्न दाबून धरू नका, एकदा लांबून वाजवा आणि जागा सोडून जा. माझ्या नातीला ज्यानं पाडलं तो हॉर्नच होता, आणि त्यात माझं ओरडणं. रस्त्याच्या कामात कुणी असाल तर डांबर टाकलं की त्याच आठवड्यात साईडपट्टी मुरमानं भरून घ्या, ती चार बोटांची पायरी तुम्हाला गाडीतून दिसत नाही.

आणि जमलं तर तुम्हीही या. पोरांना आम्ही चालतो, पण त्यांचं लक्ष तुम्ही बघताय का याच्याकडंच असतं. मैदानावर त्या दिवशी लेक कठड्यावर येऊन बसली तेव्हा धाकट्यानं फळीवरून जेवढ्या वेळा चाक चढवलं तेवढ्या वेळा आधी तिच्याकडं बघितलं होतं.

उन्हाळी सुट्टी तोंडावर आलीय, गाळप संपत आलंय, ट्रॉल्या कमी होतायत. मे महिन्यात सहाला उजाडतं आणि साडेआठपर्यंत ऊन सोसवतं. आम्ही दर रविवारी सव्वासहाला विश्रामबागच्या चौकात असतो. दहाच्या आतली पोरं हरिपूर, दहाच्या वरची नांद्रे किंवा वसगडे, पण आधी दोन रविवार मैदान, ते झाल्याशिवाय कुणाला रस्त्यावर घेणार नाही, माझा नातू असला तरी. हेल्मेट नसेल तर माझ्याकडं लहान मापाची दोन जास्तीची आहेत. हवा आदल्या रात्री भरून ठेवा.

शेवटचं लेकीला. तू हे वाचशील तेव्हा तुझ्या लक्षात येईल की माळ्यावर ती जुनी सायकल नाहीये, आठवीत असताना घेतलेली, जांभळी. मी ती खाली काढली. टायर-ट्यूब नवीन टाकले, पायडलच्या रॉडचे छर्रे बदलले, चेन रॉकेलमध्ये टाकून धुतली, पुढचं चाक आऊट होतं ते तारा ओढून सरळ केलं, ब्रेकचे रबर पण नवीन आहेत. बास्केट तशीच ठेवलीय. फक्त सीटचा नट आवळलेला नाही, किती उंच ठेवायची ते मला माहिती नाही. तू आत्ता ये, एकदा बसून टाच पायडलवर ठेव, मी धरतो.